अर्जदार गैरहजर

आमच्या गल्लीचा रस्ता खरवडून पहिल्यासारखा खाली न्यायचा, असं नगरपालिकेने ठरवलं तेव्हा सगळी गल्ली खूश झाली. माझं एकटीचं डोकं फिरलं.

का, ते सांगते. पुढच्या खोलीत माझं फोटोंना फ्रेमा करून देण्याचं दुकान आहे आणि मागे आम्ही राहतो, बाबा आणि मी. घर बांधलं तेव्हा दाराला तीन पायऱ्या होत्या. मग नगरपालिकेने रस्ता केला. काही वर्षांनी त्याच्यावर दुसरा केला, त्याच्यावर तिसरा. आमच्याकडे रस्ता दुरुस्त करायचा म्हणजे जुना काढायचा नाही. त्याच्याच डोक्यावर खडी पसरायची, डांबर ओतायचं, रोलर फिरवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. असे थरावर थर चढत गेले. पायऱ्या एकेक करून गडप झाल्या आणि शेवटच्या थराला रस्ता बरोबर आमच्या उंबऱ्याला येऊन टेकला.

समोरच्या रांगेतली घरं मुळातच बसकी. त्यांना आता रस्त्यावरून घरात उतरावं लागतं, आणि पाऊस आला की गल्लीभरचं पाणी त्यांच्याआधी आत उतरतं. अगदी आमच्या समोर इस्त्रीवाली मावशी राहते. पावसात ती टेबल विटांवर चढवून काम करते. पाय पाण्यात आणि हातात विजेची इस्त्री. "एक दिवस कपड्यांऐवजी माझीच घडी होईल," असं म्हणून ती हसते. तिच्याशिवाय त्यावर कोणाला हसू येत नाही.

शेवटचा सोडला तर हे सगळे थर दाबणारा रोलर चालवायचं कोण? आमचे बाबा. सबंध नोकरी त्यांनी त्या रोलरवर काढली. गावात त्यांना आजही रोलरदादाच म्हणतात. समोरच्या रांगेने तक्रार करायची तर कोणाकडे करायची, आपलेच दात नि आपलेच ओठ. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मणक्याचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, कमरेपासून खाली सगळं बंद पडलं आणि चाकांची खुर्ची आली. तेव्हा दाराला एक पायरी शिल्लक होती. एकच. पण तेवढ्या एका पायरीने त्यांना घरात डांबून ठेवलं. बाहेर न्यायचं म्हणजे मी मागून, शेजारचा कोणीतरी पुढून, "सांभाळ, सांभाळ" असा ओरडा, आणि मध्ये बाबा डोळे मिटून. नंतर नंतर ते "नको, आज नको" म्हणायला लागले. दाढी करायचं सोडलं. मी फ्रेमेला खिळे ठोकत असले तरी आतून हाक यायची नाही की आवाज कमी कर. रागवायचेच बंद झाले, तेव्हा मी खरी घाबरले.

आणि मग तो शेवटचा थर पडला. डांबर थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काच कापत होते. माझ्या बाजूने खुर्ची सरकली, दारातून गेली आणि थांबलीच नाही. बाबा कोपऱ्यापर्यंत गेले. एकटे. मी काच टेबलावर ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. त्या दिवसापासून दाढी सुरू झाली, रागावणं सुरू झालं, कोपऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चुका काढणं सुरू झालं. लोकांसाठी तो वाईट रस्ता होता. माझ्यासाठी त्याच्याइतका चांगला रस्ता अख्ख्या गावात नव्हता.

आता कळलं ना, माझं डोकं का फिरलं?

रस्ता खरवडायच्या अर्जावर गल्लीतल्या घरांच्या सह्या मावशीनेच गोळा केल्या होत्या. आमच्याकडे ती शेवटी आली. कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "तुझीच राहिलीय."

"मी नाही करणार."

"अगं, माझ्या घरात पाणी येतं."

"आणि माझ्या घरातला माणूस कोंडला जातो. तुला पाणी उपसता येतं मावशी. मी काय उपसू?"

बोलू नये ते बोलले, पण बोलले. मावशीचा चेहरा उतरला. तेवढ्यात बाबा आतून आले, कागद मांडीवर घेतला, माझ्या कानामागची पेन्सिल काढली, ती परत ठेवली आणि मावशीकडे पेन मागितलं.

"बाबा, काय करताय तुम्ही?"

"सही."

"रस्ता खाली गेला की तुम्ही घरात. कळतंय ना?"

"कळतंय. पण हे करायलाच पाहिजे. आम्ही थर घालत गेलो तेव्हाच ही बाई ओरडत होती, आणि मला इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. म्हणजे, येत होतं." सही करून त्यांनी कागद मावशीला दिला. "आणि घरात राहतो कोण? आपण उतार मागू."

घर बाबांच्या नावावर, म्हणून अर्ज बाबांच्या नावाने केला. दारापासून भिंतीला लागून एक सिमेंटचा उतार, बास. नगरपालिकेतले परवान्याचे इंजिनिअर तरुण होते, सरळ होते आणि सतत घाईत होते. येऊन बघून गेले. म्हणाले, "ताई, घराच्या हद्दीत असता तर मीच परवाना दिला असता. पण उतार रस्त्याच्या हद्दीत येतो. रस्त्याच्या हद्दीतलं बांधकाम म्हणजे विशेष परवाना. तो समितीच देते. सुनावणी लागेल."

"मग लावा सुनावणी."

"अर्जदाराला स्वतः हजर राहावं लागेल."

"मी येते की. मुलगी आहे त्यांची."

इंजिनिअरांनी मान हलवली. पूर्वी म्हणे तीन-चार जणांनी आजारी आजोबांच्या नावाने उतार मंजूर करून घेतले आणि त्यावरून मोटारी घरात घातल्या. एका अर्जातले आजोबा तर आधीच वारलेले निघाले. तेव्हापासून समितीने नियम केला, ज्याच्यासाठी उतार हवा तो माणूस समोर दिसला पाहिजे. नियम वाईट नव्हता. फक्त समितीचं सभागृह पहिल्या मजल्यावर होतं, आणि नगरपालिकेला लिफ्ट नव्हती.

हे मी त्यांना बोलून दाखवलं.  इतकी वर्षं रोज तो जिना चढत होते, पण हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं. "बघू, मी बोलतो अध्यक्षांशी," असं म्हणून ते निघून गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. इथे मला थांबायची सोय नव्हती. रस्ता खरवडायचं मशीन येऊ घातलं होतं.

पहिल्या सुनावणीला मी एकटी गेले, बाबांच्या सहीचं पत्र घेऊन. लांबट खोली, मधोमध टेबल, डोक्यावर करकरणारा पंखा. अध्यक्षांचं औषधांचं दुकान आहे. चिठ्ठी वाचावी तसं त्यांनी पत्र अगदी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"हे पत्र आहे. अर्जदार कुठे आहेत?"

"घरी. त्यांना जिना चढता येत नाही, म्हणूनच तर अर्ज केलाय."

"ते आम्हाला दिसायला नको का?" ते प्रेमळपणे म्हणाले. माणूस वाईट नाही, औषध उधार देतो. पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की माणसाला खाली शेळ्या आहेत की मेंढ्या तेही दिसत नाही. त्यांनी शेजारच्या लिपिकाला सांगितलं, "लिहा. अर्जदार गैरहजर. पुढची तारीख."

दुसऱ्या वेळी मी बाबांना घेऊनच गेले. घरापासून नगरपालिकेपर्यंत खुर्ची त्यांनी स्वतः चालवली, मला हात लावू दिला नाही. अंगणात नळाशेजारी सावली होती, तिथे थांबले. मी वर जाऊन सांगितलं की अर्जदार खाली आले आहेत. अध्यक्षांनी लगेच दोन शिपाई आणि टँकरवर काम करणारे दोन दांडगे गडी पाठवले.

"चला रोलरदादा, खुर्चीसकट उचलतो," त्यातला एक म्हणाला. "फुलासारखं नेतो बघा."

"नको."

"अहो, मिनिटाचं काम आहे."

"मला उचलायचं नाही," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. चौघं मागे सरले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी बाबांच्या कानाशी वाकून म्हटलं, विनवून म्हटलं, "बाबा, एकदाच. वर गेलो, दिसलो, झालं. परवाना हातात." त्यांनी मान हलवली नाही.

मग वरून शिपायाने नियमाप्रमाणे हाक दिली, "अर्जदार हजर आहे का?"

आणि बाबांनी खालून, रोलरच्या इंजिनावरून माणसांना हाका मारायचा तो जुना आवाज काढला. "हजर!"

नळावर पाणी भरणारी बाई दचकली. वरच्या खिडकीत माणसं आली. मी धावत जिना चढून गेले, तेव्हा सभागृहात हसणं चाललं होतं. अध्यक्षही हसत होते. "आवाज हजर आहे, ताई. अर्जदार नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू? चार माणसं दिली, ते येत नाहीत. उद्या कोणी खिडकीतून ओरडेल आणि परवाना मागेल. पुढची तारीख. आणि त्या दिवशी आले नाहीत, तर अर्ज निकाली काढावा लागेल."

घरी जाताना मी बाबांशी एक शब्द बोलले नाही. दार लावल्यावर मात्र सगळं बाहेर पडलं. "काय बिघडलं असतं हो? ऑपरेशनला उचललंच होतं ना? मी इथे उंबरे झिजवते, लोकांचं ऐकून घेते, आणि तुम्हाला ताठा सुचतो! पुढच्या वेळी नाही गेलात की संपलं. मग बसा आत आणि बघा भिंतीकडे."

ते ऐकून घेत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "झालं?"

"झालं."

"मी अर्ज कशासाठी केलाय?"

"उतारासाठी."

"उतार कशासाठी?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"कोणी उचलू नये म्हणून. बरोबर? मग चार माणसांच्या हातावर बसून जायचं आणि सांगायचं, साहेब, मला कोणी उचलू नये अशी सोय करा. ते म्हणतील, सोय आहे की, हे चार जण आहेत. पोरी, मी वर गेलो त्याच क्षणी माझा अर्ज खोटा पडतो."

मला राग आला होता तो उतरेना, पण त्याची जागा बदलली. मी इतके दिवस उतार मिळवायच्या मागे होते. बाबांना जे हवं होतं ते उताराच्याही अलीकडचं होतं, आणि ते मला त्यांनी शिकवावं लागलं, याची मला लाज वाटली. त्या दिवसापासून माझं एकच ठरलं. बाबा वर जाणार नाहीत. आणि परवाना मिळणार.

मग मी काय काय नाही केलं! इंजिनिअरांना गाठलं. ते म्हणाले, नियमात "समितीसमोर हजर" असं आहे. "म्हणजे सभागृहात हजर असं नाही ना?" ते घुटमळले. "तसं नाही लिहिलेलं. पण समिती सभागृहातच बसते." "पण उठू शकते ना?" ते हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "हे तुम्ही तिथेच बोला. मी नाही बोलू शकत, पण मला विचारलं तर मी खोटंही सांगणार नाही." अध्यक्षांच्या औषधाच्या दुकानात गेले, तर त्यांनी कानावर हात ठेवले. "इथे नको ताई, इथे मी फक्त गोळ्या देतो." मग मी एक डोकेदुखीची गोळी मागितली आणि तिथेच उभं राहून त्यांच्याकडे बघत घेतली. एवढं समाधान पुरे म्हटलं.

मावशीशी माझं बोलणं त्या सहीच्या दिवसापासून तुटलेलं. समोरासमोर राहायचं आणि न बोलता राहायचं, हे किती अवघड असतं ते करून बघा. ती कपडे झटकायची, मी फळ्या तासायची, दोघी एकमेकींच्या वरून आभाळाकडे बघायचो. बाबांचे शर्ट मात्र ती पूर्वीसारखेच नेऊन इस्त्री करून देत होती. मला वाटायचं, हिचं काय जातंय, हिचा रस्ता तर मंजूर आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिसऱ्या तारखेला आम्ही गेलो, तर मावशी नगरपालिकेच्या जिन्यात भेटली. त्याच सभेत आमच्या गल्लीच्या कामाचा शेवटचा हुकूम निघायचा होता आणि अर्ज तिच्या नावाने असल्यामुळे तिलाही बोलावलं होतं. तिने खाली वाकून अंगणात बघितलं. बाबा नळाच्या सावलीत, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते.

"ते वर नाही येणार?" तिने विचारलं. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य.

"नाही. उचलून येणार नाहीत."

"मग?"

"मग बघू," मी म्हटलं. 

सभेत आधी गल्लीच्या कामाचा विषय निघाला. लिपिकाने भराभर वाचलं, रहिवाशांची लेखी संमती आहे, ठेकेदार ठरला आहे, मशीन सोमवारी लागेल. अध्यक्षांनी मावशीला विचारलं, "काही म्हणायचंय बाई?" उत्तर येणार नाही असं धरून त्यांनी पेन उचललंही होतं.

"आहे म्हणायचं," मावशी उभी राहिली. "माझ्यानंतरचा विषय आधी घ्या. रोलरदादांचा."

"तो क्रमाने येईल."

"क्रम बदला. त्यांचा उतार मंजूर झाल्याशिवाय माझ्या दारातला रस्ता खाली जाणार असेल, तर मला नको. मी माझी सही मागे घेते."

 अध्यक्षांनी पेन ठेवलं. "बाई, तुम्हाला कळतंय का? अर्ज तुमच्या नावावर आहे. सही मागे घेतली तर काम थांबतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तुमच्या घरात पाणी येतंय ना?"

"येतंय. आणखी एक वर्ष येईल. मला पाण्याची सवय आहे, टेबल विटांवर आहे माझं. पण रोज सकाळी कोंडलेल्या माणसासमोर दुकान उघडायची सवय मला नाही, आणि करूनही घ्यायची नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी तिला काय काय बोलले होते, आणि त्याहून कितीतरी जास्त मनात म्हटलं होतं. इथे ती माझ्या बाबांसाठी स्वतःच्या घरात पाणी घेत होती.  शिपायाने दारात जाऊन हाक दिली, "अर्जदार हजर आहे का?" आणि खालून तोच आवाज आला, खिडकीची तावदानं थरथरवणारा. "हजर!"

लिपिक लिहायला वाकला तशी मी टेबलाजवळ गेले.

"थांबा. काय लिहिताय?"

"गैरहजर."

"तुम्ही ऐकलंत ना आत्ता? अर्जदार वेळेवर आलेत. नगरपालिकेच्या आवारात आहेत. जितकं येता येतं तितकं आलेत. आता उरलेलं अंतर कोणी यायचं ते राहिलंय. समिती पायांनी धड आहे. अध्यक्षसाहेब, अर्जदार हजर आहेत. खाली गैरहजर तुम्ही आहात."

कोणीतरी "अहो ताई" म्हणालं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. त्यांनी इंजिनिअरांकडे बघितलं. "नियम काय म्हणतो?"

इंजिनिअर उभे राहिले. "नियमात समितीसमोर असं आहे, साहेब. सभागृहात असं नाही. समिती जिथे बसेल तिथे."

"खाली बसायला खुर्च्या कुठे आहेत?"

"उभं राहता येईल," मावशी म्हणाली.

 अध्यक्षांनी चष्मा खिशात घातला आणि ते उठले. ते उठल्यावर बाकीचेही उठले. सगळी समिती, एकामागून एक, त्या अरुंद जिन्याने खाली उतरली. एका जाडजूड सभासदांना कठडा धरून उतरावं लागलं. लिपिक कागद छातीशी धरून सगळ्यात मागे.

अंगणात ते बाबांभोवती अर्धगोल करून उभे राहिले. उन्हात. सावली नळाजवळ तेवढीच होती आणि ती बाबांकडे होती. अध्यक्ष सवयीने म्हणाले, "बसा, रोलरदादा, बसा."

"बसलेलोच आहे," बाबा म्हणाले.

सगळे हसले. अध्यक्षही हसले आणि वातावरण जरा सैल झालं. इंजिनिअरांनी नकाशा उघडून दाखवला. उतार भिंतीला लागून, एवढा रुंद, एवढा लांब, कठडा बाहेरच्या बाजूने, गाडी चढणार नाही अशी रुंदी. हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. तरी अध्यक्षांनी अर्ज पुन्हा एकदा चाळला. मी त्यात कारणांच्या जागेत जमेल तेवढं भरलं होतं, दवाखाना, औषधं, तपासण्या. मला वाटलं होतं, अशी कारणं लिहिली की कोणी नाही म्हणत नाही.

"दवाखाना महिन्यातून एकदा," अध्यक्ष म्हणाले. "औषधं तर तुमची मुलगीच माझ्याकडून नेते. मग रोज उतार लागतो कशाला? म्हणजे, मी वाईट अर्थाने नाही विचारत. रोज जाता तरी कुठे तुम्ही?"

मी तोंड उघडलं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं.

"साहेब, तुम्ही इथून निघून कुठे जाणार?"

"मी?" अध्यक्ष गोंधळले. "आहेत कामं."

"कुठे पण?"

"आहेत दोन-चार ठिकाणी. ते इथे कशाला सांगू?"

"बघा," बाबा म्हणाले. "मलाही तसंच वाटतं."

कोणी हसलं नाही.   बाबा पुढे म्हणाले, अगदी साधं, कोपऱ्यावर बोलतात तसं, "मी जन्मभर रस्ते दाबले. कोणाला विचारलं नाही, तू कुठे चाललास. ज्याला जायचं त्याने जावं, रस्ता त्यासाठीच. माझ्यासाठी वेगळं कारण का लागावं?"

अध्यक्षांनी अर्ज घडी करून लिपिकाकडे दिला. "मंजूर असेल त्यांनी हात वर करा," ते म्हणाले, आणि पहिला हात त्यांचा होता. सगळे हात वर झाले. मावशीचाही. ती समितीवर नाही हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं, पण कोणी सांगितलं नाही.

परत येताना मी मावशीजवळ गेले आणि म्हटलं, "मी तुला बोलले ते..." तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "गप्प बस. मीसुद्धा तुला मनात काय कमी बोलले का?" मग दोघी हसलो. बाबा पुढे निघून गेले होते, आमच्यासाठी थांबायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

मशीन आलं. गल्लीभर धूळ, धडधड, दारं बंद. थरामागून थर निघाले, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि बाबा दारात बसून सांगत होते, हा कुठल्या साली घातला, याला खडी चांगली होती, याला नव्हती. समोरच्या घरांचे उंबरे वर आले. त्या आठवड्यात पाऊस पडला आणि पाणी रस्त्याच्या कडेने गटारात निघून गेलं. मावशी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, जणू कोणी नावडता पाहुणा एकदाचा निघाला होता. तिने टेबलाखालच्या विटा काढून बाहेर टाकल्या.

आमच्या उताराचं सिमेंट वाळेपर्यंत बाबा आतच होते. मीच दिवसातून दहा वेळा बोटाने दाबून बघत होते, ते नाही. शेवटी इंजिनिअर आले, पाय आपटून बघितला, "चालेल" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा तयार होऊन बाहेर आले. मी टेबलावर एका लग्नाच्या फोटोला काच बसवत होते. माझ्या बाजूने खुर्ची सरकली आणि उंबऱ्यापाशी आली. त्यांनी चाकांवर हात ठेवले. माझ्या तोंडात शब्द येऊन बसले होते. पडताना आई गं निघावं तसे आपोआप आलेले. बाबा, कुठे निघालात?

मी ओठ मिटले. काच पुसत राहिले.

खुर्ची उतारावरून खाली गेली, हळू, चाकं त्यांच्या हातात. खाली पोचल्यावर बाबा क्षणभर थांबले. कोपरा डावीकडे आहे. त्यांनी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे वळले आणि नजरेआड झाले.